दुसऱ्या वाटेचा खर्च कोणी सोसायचा?

२०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेर तांबड्या समुद्रात, जेद्दा बंदराच्या परिसरात, समुद्रतळावरील केबल्स तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व आखाती देशांतील इंटरनेटची गती एकाएकी मंदावली. एखाद्या व्यापारी जहाजाचा नांगर तळावरून ओढला गेल्यामुळे हे घडले असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. अशा बातम्यांची आता सवय होऊ लागली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत याच समुद्रात, हल्ल्याने निकामी होऊन वाहवत चाललेल्या 'रुबीमार' या मालवाहू जहाजाचा नांगर घासत गेला आणि तीन केबल्स निकामी झाल्या, असे मानले जाते. २००८ च्या जानेवारीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल्स तुटल्या, तेव्हा भारताची परदेशांशी असलेली संदेशवहनाची क्षमता निम्म्याच्या आसपास खाली आली होती. प्रत्येक वेळी दोन प्रश्नांची चर्चा होते. केबल कोणी तोडली, आणि ती केव्हा जोडली जाणार? वस्तुतः जो प्रश्न सर्वांत आधी विचारला जावा, तो क्वचितच विचारला जातो. केबल तुटली त्या क्षणी दुसरी वाट तयार होती काय, आणि नसल्यास ती तयार ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती?

तुटलेली तार जोडणे आणि खंडित झालेली सेवा पूर्ववत् करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळेच दूरसंचाराच्या धोरणासंबंधीची बरीचशी चर्चा भलत्या दिशेने जाते. तार जोडण्याचे काम स्वभावतःच सावकाशीचे असते. समुद्रातील केबल्समध्ये जगभरात वर्षाकाठी सुमारे १५० ते २०० बिघाड होतात आणि त्यांतील बहुसंख्य बिघाडांचे कारण मासेमारीची जाळी किंवा जहाजांचे नांगर हे असते. दुरुस्तीसाठी खास जहाज त्या ठिकाणी जावे लागते, तुटलेली दोन्ही टोके आकड्यांनी वर उचलावी लागतात, केसासारखे काचतंतू एकेक करून सांधावे लागतात आणि मग केबल पुन्हा तळाशी सोडावी लागते. ज्या देशाच्या हद्दीतील पाण्यात हे काम करावयाचे त्याची परवानगी घेण्यात जाणारा काळ आणखी वेगळा. २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिणेस झालेल्या भूकंपाने ९ केबल्स २१ ठिकाणी तुटल्या; ११ जहाजे कामास लावूनही दुरुस्ती पूर्ण होण्यास ४९ दिवस लागले. टोंगा या चिमुकल्या द्वीपराष्ट्राची बाहेरच्या जगाशी जोडणारी एकमेव समुद्रकेबल १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात तुटली आणि ३८ दिवसांनी, २२ फेब्रुवारीस, जोडली गेली. भारताच्या स्वतःच्या ध्वजाखालील दुरुस्ती जहाज नसल्यामुळे परदेशी जहाजांवर अवलंबून राहावे लागते, याकडे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २०२३ मध्ये लक्ष वेधले होते. असे जहाज असावे हे खरेच. पण ते उद्या मिळाले तरी दुरुस्तीचा काळ दिवसांतच मोजावा लागेल.

जमिनीवरची गोष्ट त्याहून सुलभ वाटते, पण तिथे संख्या भयावह आहे. खोदाई करणाऱ्या यंत्रांमुळे देशात दरवर्षी ऑप्टिकल फायबरच्या केबल्स सुमारे १० लाख वेळा तुटतात आणि त्यापायी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र शासनाने २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, खोदण्यापूर्वी जमिनीखाली कोणाची मालमत्ता आहे हे विचारण्याची सोय असलेले 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप सुरू करण्यात आले. पाण्याच्या नळासाठी एका खात्याने खणावे, दुसऱ्याने बुजवावे आणि तिसऱ्याने पुन्हा खणावे, ही आपल्याकडील नगररचनेची जुनी रीत पाहता या अॅपला फार मोठे काम आहे. तथापि १० लाखांचे ५ लाख झाले, तरी तारा तुटतच राहणार. तार तुटणे हा अपघात नसून नित्याचा व्यवहार आहे, असे गृहीत धरूनच जाळे उभारावे लागते.

हा धडा अमेरिकेने फार महाग किंमत देऊन शिकला. ४ जानेवारी १९९१ रोजी न्यूयॉर्कजवळील नेवार्क येथे ए. टी. अँड टी. कंपनीचेच कामगार एक जुनी केबल काढून टाकीत होते. त्यांच्या हातून चालू असलेली फायबरची केबल कापली गेली. न्यूयॉर्कमध्ये येणारे व तेथून बाहेर जाणारे सुमारे ६० टक्के दूरध्वनी अडले, वस्तूंच्या सट्टाबाजारांचे व्यवहार थांबले आणि विमानवाहतुकीचे नियंत्रण विस्कळीत झाले. तांब्याच्या तारांच्या काळात एक तार तुटली तर काही शे संभाषणे थांबत; काचेच्या एका दोरीत एक लाख संभाषणे मावू लागली तेव्हा एका घावाने महानगर मुके होऊ लागले. तंत्र जितके कार्यक्षम, तितका त्याचा एकेक तुकडा अधिक मोलाचा व म्हणूनच अधिक धोक्याचा. १९९२ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने नियम केला की ५०,००० किंवा अधिक ग्राहकांची सेवा ३० मिनिटे वा अधिक काळ बंद पडली तर कंपनीने त्याची खबर दिलीच पाहिजे. पुढे २००४ मध्ये सुरक्षेचे कारण देऊन हे अहवाल गोपनीय करण्यात आले. ते योग्य झाले असे म्हणता येत नाही. कारण मधल्या बारा वर्षांत ज्या नोंदी उघड होत्या त्यांच्यापासूनच अभियंते व अभ्यासक बिघाडांचे शास्त्र शिकले होते.

त्याच दशकात वर्तुळाकार जाळी सर्वत्र पसरली. कल्पना अगदी साधी आहे. शहरातील केंद्रे एका रांगेत न जोडता वर्तुळात जोडावयाची. केबल एका जागी तुटली तर वर्तुळ उघडते, पण कोणतेही केंद्र एकाकी पडत नाही. संदेश उलट्या दिशेने फिरून पोहोचतात. बिघाड लक्षात आल्यापासून ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात, हा फेरबदल घडावा असे मानक ठरले. फोनवर बोलणाऱ्यास त्याची जाणीवही होत नाही. इंटरनेटची मूळ पद्धत मात्र निराळी होती. तिथे प्रत्येक राउटर आपल्या शेजाऱ्यांना ठराविक अंतराने हाक मारतो. एका प्रचलित पद्धतीत ही हाक दर १० सेकंदांनी जाते आणि ४० सेकंद उत्तर आले नाही की शेजारी गेला असे समजून नव्या मार्गाचा शोध सुरू होतो. पत्र पोहोचण्यास मिनिटभर उशीर झाला तर बिघडत नाही, या काळातली ती रीत होती. त्याच जाळ्यावरून संभाषणे, बँकांचे व्यवहार आणि शस्त्रक्रियांचे सल्ले वाहू लागल्यावर ४० सेकंद म्हणजे युग झाले. म्हणून प्रत्येक दुव्यासाठी पर्यायी मार्ग आधीच हिशेब करून राउटरमध्ये नोंदवून ठेवण्याच्या पद्धती २००५ च्या सुमारास प्रमाणित झाल्या. दुवा तुटताच त्याला लागून असलेले यंत्र कोणालाही न विचारता वाहतूक त्या नोंदलेल्या मार्गाकडे वळवते आणि सावकाश विचार करण्याचे काम मागाहून होते.

या सर्व पद्धतींचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सेवा जितक्या लवकर सावरावयाची, तितका निर्णय आधी झालेला असावा लागतो आणि तितकी क्षमता रिकामी ठेवावी लागते. तुटल्यावर वेगाने धावपळ करून हा वेग मिळत नाही. तो तुटण्यापूर्वीच, पैसे मोजून, विकत घेतलेला असतो. इथेच अभियंत्याचे काम संपते आणि अर्थशास्त्राचे सुरू होते.

रिकामी क्षमता किती लागते, याचा हिशेब कोणाही विद्यार्थ्यास करता येईल. एखाद्या केंद्राला दोनच वाटा असतील तर एक तुटल्यावर तिचा सारा भार दुसरीने वाहावयाचा. म्हणजे प्रत्येक वाटेवर तिच्या नेहमीच्या भाराइतकीच जागा मोकळी हवी. खर्च जवळजवळ दुप्पट. वाटा तीन असतील तर तुटलेल्या एकीचा भार दोघींत वाटला जातो. मोकळी जागा किमान निम्मी पुरते. चार वाटा असतील तर एक तृतीयांश. याचा अर्थ असा की जाळे जितके दाट विणलेले, तितकी सुरक्षितता स्वस्त पडते, आणि जे गाव टोकाला एकाच तारेने टांगलेले आहे त्याची सुरक्षितता सर्वांत महाग. गरिबाला उधारी महाग पडते, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेतील रँड संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी अणुयुद्धातही टिकेल अशा संदेशजाळ्याचा विचार १९६४ मध्ये मांडला, तेव्हा त्यांच्या गणिताने एक दिलासाही दिला होता: अगदी किमान लागतात त्यांच्या तीनचार पट दुवे असले की जाळे बहुतेक आघात सोसते, त्यापुढे कितीही दुवे वाढविले तरी फारसा फरक पडत नाही. अर्थात, सुरक्षिततेसाठी अमर्याद खर्च करावा लागतो हा कंपन्यांचा युक्तिवाद टिकणारा नाही. खर्चाला मर्यादा आहे, आणि ती मोजता येते.

परंतु कागदावर दोन वाटा असणे आणि जमिनीवर दोन वाटा असणे यांत अंतर असते. १८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोर शहराखालील हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्या एकाच बोगद्यातून अनेक कंपन्यांचे फायबर गेलेले होते आणि ते सारे एकदम भाजले. ज्या ग्राहकांनी शहाणपणाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून सेवा घेतली होती, त्यांच्यापैकी कित्येकांच्या दोन्ही वाटा त्याच अंधारातून जात असतील, हे त्यांना कोण सांगणार? मुंबईतही याचे प्रत्यंतर आले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. बाजाराने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार त्याच्याकडे दोन स्वतंत्र कंपन्यांच्या जोडण्या होत्या. मुख्य केंद्र व जवळचे आपत्कालीन केंद्र यांच्या दरम्यानच्या मार्गावरील खोदकाम व बांधकामामुळे दोहोंतही बिघाड झाला, आणि त्यापाठोपाठ माहिती साठविणारी यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे चालली नाही. देशातील सर्वांत श्रीमंत ग्राहकांपैकी एकाने दुप्पट पैसे मोजूनही त्याची ही गत व्हावी, यावरून कंपन्यांची संख्या व वाटांची संख्या या भिन्न गोष्टी आहेत हे कळते. केबल कोणत्या रस्त्याच्या कोणत्या कडेने जाते, याचा नकाशा कंपन्या व्यापारी गुपित म्हणून जपतात. दोन गुपिते एकाच खड्ड्यात पुरलेली असली, तरी ते ग्राहकास कळण्याचा मार्ग नसतो.

समुद्रातही हीच स्थिती आहे. २०२३ मध्ये भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल्स १४ केंद्रांत उतरत होत्या. ही केंद्रे मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम् या पाचच शहरांत होती आणि मुंबईतील अनेक केबल्स वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून वर येतात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांपैकी बहुतेक केबल्स एडनच्या आखातातून तांबड्या समुद्रात शिरतात आणि इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात उतरतात. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड आगबोटीने मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल टाकली आणि पुढे ती सुएझला जोडली गेली, ती नेमकी हीच वाट. त्याही वेळी तो दुसरा मार्ग होता; पहिला इराणच्या आखातातून आधीच सुरू झाला होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या साम्राज्याला आपल्या कारभारासाठी दोन वाटा असाव्यात हे उमगले होते. आज केबल्सची संख्या अनेक पटींनी वाढली आहे, पण त्यांतील बहुतेकींना एकाच चिंचोळ्या दरवाजातून जावे लागते.

बाजारपेठेच्या नियमाने हा प्रश्न आपोआप सुटेल, असे मानणारा एक वर्ग आहे. ज्याला अखंड सेवा हवी त्याने तिची किंमत मोजावी, असा त्यांचा सरळ हिशेब. हा हिशेब तीन ठिकाणी चुकतो. ग्राहकाला जाहिरातीत वेग दिसतो आणि किंमत दिसते; विश्वसनीयता दिसत नाही. ती वर्षातून दोनतीनदा, तीही नसण्याच्या रूपाने, प्रकट होते. जी गोष्ट विकत घेताना दिसत नाही, तिच्यावर खर्च करणारी कंपनी स्पर्धेत मागे पडते. २०१६ च्या सप्टेंबरनंतर भारतात मोबाइल इंटरनेटच्या दरांचे जे युद्ध पेटले त्यात कित्येक कंपन्या नाहीशा झाल्या आणि तीन खाजगी कंपन्या व भारत संचार निगम एवढेच उरले. त्या स्वस्ताईने कोट्यवधी लोकांच्या हाती इंटरनेट आले, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण दर कोसळत असताना रिकाम्या राखीव तारेवर कोणी पैसा घालील, ही अपेक्षा भाबडी होय. दुसरे असे की आपल्याकडील बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरणारे आहेत. सेवा दिवसभर बंद पडली तरी कंपनीच्या गल्ल्यातील पैसे आधीच जमा झालेले असतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बंद पडलेल्या सेवेचे नुकसान बव्हंशी तिसऱ्यालाच सोसावे लागते. रास्त भावाच्या दुकानातील यंत्रावर आधारची खातरजमा झाली नाही तर धान्य मिळत नाही, आणि त्यासाठी मजुरी बुडवून आलेली बाई रिकाम्या पिशवीने परत जाते. तिचा त्या दूरसंचार कंपनीशी कसलाही करार नाही. शिक्षकांची पगारबिले 'शालार्थ' प्रणालीत शेवटच्या तारखेला अडकतात. सेतू केंद्रासमोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा असलेला विद्यार्थी प्रवेशअर्जाची मुदत चुकवतो. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द लिहिलेली पाटी आता कचेऱ्यांत कायमची तयार असते, आणि त्यात सर्व्हरचा दोष किती व तुटलेल्या तारेचा किती, हे काउंटरमागील लिपिकालाही ठाऊक नसते. शिव्या मात्र त्याच्या वाट्याला येतात. अर्थशास्त्र यालाच बाह्य परिणाम म्हणते. जिथे नुकसान एकाचे आणि ते टाळण्याचा खर्च दुसऱ्याचा असतो, तिथे बाजार तो खर्च नेहमीच गरजेपेक्षा कमी करतो.

शासनाने कागदावरचा कारभार बंद करून तो तारेवर नेला, तेव्हा या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. पूर्वी गावाचा टेलिफोन बंद पडला तर टेलिफोनच बंद पडे. रेशन मिळे, तलाठी सातबारा लिहून देई. आता एका तारेवर सारेच टांगलेले आहे. ज्याने ही सक्ती केली, त्याने दुसऱ्या वाटेची हमी द्यावयास नको काय?

या संदर्भात भारतनेटचा अनुभव उद्बोधक आहे. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली. खर्च कमी राहावा म्हणून आधीच अस्तित्वात असलेले फायबर वापरून जवळच्या बिंदूपासून गावापर्यंत एकेरी तार नेण्यात आली. झाडाच्या फांदीसारखी ही रचना. फांदी जिथे तुटेल, तिथून पुढची सारी पाने वाळणार. आणि फांद्या तुटल्याच, कारण ज्या रस्त्यांच्या कडेने तार गेली ते रस्ते त्याच वर्षांत रुंद होत होते. ग्रामपंचायत जोडली गेल्याची नोंद झाली, पेटीवर दिवा लागला आणि पुढे कित्येक ठिकाणी तो विझला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट योजनेस मंजुरी दिली. तीत एकेरी तारेऐवजी तालुका व ग्रामपंचायती यांना वर्तुळाने जोडण्याचे आणि दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटातच घालण्याचे ठरले आहे. यासाठीचा पैसा 'डिजिटल भारत निधी'तून यावयाचा, आणि हा निधी कंपन्यांच्या समायोजित महसुलावरील ५ टक्के आकारणीतून उभा राहतो. म्हणजे दुसऱ्या वाटेचा खर्च, थोडथोडा करून, देशातील प्रत्येक मोबाइलधारकच भरीत आहे. हे न्याय्यच आहे. शहरी ग्राहकाच्या आकारणीतून दुर्गम गावाची राखीव तार टाकली गेली तर त्यात उपकार नाही. ते गाव जाळ्यात असल्यामुळे शहरी माणसाच्याही जोडणीचे मोल वाढते. फक्त मोजलेल्या पैशाची वस्तू मिळाली की नाही, हे पाहण्याचा हक्क त्याला हवा.

नियमांच्या बाजूनेही थोडी हालचाल झाली आहे. 'ट्राय'ने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाविषयी नवे विनियम काढले. त्यांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा ४ तासांहून अधिक काळ पूर्ण बंद राहिल्यास कंपनीने २४ तासांच्या आत तिची खबर द्यावयाची आहे, आणि बंद २४ तासांहून लांबल्यास ग्राहकाला त्या काळाचे भाडे परत किंवा मुदतवाढ मिळावयाची आहे. आरंभ म्हणून हे स्वागतार्ह होय. पण महिन्याला ३०० रुपये भरणाऱ्या ग्राहकाच्या एका दिवसाचे भाडे १० रुपये होते. १० रुपयांच्या भीतीने कोणतीही कंपनी दुसरी केबल टाकणार नाही. शिवाय मोजमाप जिल्ह्याचे आहे. जिल्हा पूर्ण बंद पडावा लागतो. एक तालुका आठवडाभर मुका झाला तरी तो या व्याख्येत बसत नाही. आणि नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा बंद पडली असेल तर भरपाईतून सूट आहे. वादळ कंपनीने आणले नाही हे मान्य. पण वादळाच्या प्रदेशात एकाच खांबावरून एकच तार नेण्याचा निर्णय वादळाने घेतला नव्हता. भरपाईचा दर ग्राहकाच्या भाड्यावरून न ठरविता बंद पडलेल्या तासांवरून व ग्राहकसंख्येवरून ठरवावा, मोजमाप तालुक्याचे असावे, आणि चार तासांच्या वरच्या प्रत्येक खंडाची कारणांसह नोंद लोकांसमोर यावी. सुरक्षेचे कारण इथेही पुढे केले जाईल. शत्रूला केबल कुठे आहे हे कळू नये हे ठीक. ती किती वेळा तुटली हे नागरिकाला कळू नये, यात कसली सुरक्षा?

एक दुसरी वाट मात्र जवळजवळ फुकट उपलब्ध आहे, आणि ती म्हणजे शेजारच्या कंपनीचे जाळे. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीचे संपूर्ण जाळे एका चुकीच्या बदलाने कोसळले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहक तुटले, देशभरातील डेबिट कार्डाचे व्यवहार थांबले, आणीबाणीच्या क्रमांकावरही अनेकांना दूरध्वनी करता येईना. दुरुस्ती करणारे कर्मचारी स्वतः त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने त्यांनाही यंत्रांपर्यंत पोहोचता येईना! पुढे दोनच महिन्यांत तेथील कंपन्यांना संकटकाळी एकमेकींचे ग्राहक सामावून घेण्याचा करार करावा लागला. आपल्याकडे जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत दूरसंचार विभागाने अशीच मुभा दिली. ज्या कंपनीचा टॉवर चालू असेल त्यावरून कोणाही ग्राहकाला बोलता येत होते. प्रत्येक वादळासाठी स्वतंत्र आदेश काढण्याऐवजी ही व्यवस्था कायमची व स्वयंचलित का नसावी, याचे समाधानकारक उत्तर नाही. टॉवर मुका होताच शेजारच्या टॉवरने हाक ऐकावी, यासाठी मंत्रालयातील सहीची वाट पाहणे म्हणजे ४० सेकंदांच्या जागी ४० तासांची पद्धत स्वीकारणे होय.

महाराष्ट्रात या साऱ्याची कसोटी कोकणात लागणार आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि त्यापाठोपाठ टॉवरांच्या बॅटऱ्या संपून मोबाइलही बंद पडले. मुंबईतील चाकरमान्यांना गावचे आईवडील सुखरूप आहेत की नाहीत हे कळण्यास कित्येक दिवस लागले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण बुडाले आणि घाटांतील रस्ते दरडींनी फुटले. कोकणपट्टी आणि देश यांना जोडणारी तार घाटातूनच उतरणार, आणि घाटात रस्ता एकच असतो. वर्तुळाची जाणारी तार रस्त्याच्या डाव्या कडेने व येणारी उजव्या कडेने घातली, तर निविदेतील अट पूर्ण होईल, बिलही निघेल. एक दरड मात्र दोन्ही कडा घेऊन दरीत जाईल. चिपळूणचे वर्तुळ एका बाजूने कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडे व दुसऱ्या बाजूने रत्नागिरीमार्गे आंबा घाटातून कोल्हापूरकडे जाणारे असावे लागेल. ते लांब पडेल, महाग पडेल, आणि कंत्राटदाराला नकोसे वाटेल. सुधारित योजनेची कामे सुरू असताना वर्तुळांचे प्रत्यक्ष मार्ग तालुकावार प्रसिद्ध केले गेले, तर कोणते वर्तुळ खरोखर वर्तुळ आहे आणि कोणते एकाच चरात दुमडून ठेवलेले आहे, हे ओळखण्यास अभियंता असण्याची गरज नाही. घाट ओळखणारा एस. टी.चा कोणताही चालक ते नकाशावर बोट ठेवून सांगू शकेल.